समोरच्या खोलीतला खेळ

1995च्या आसपास चांदूर रेल्वेला स्टेशन रोडवर माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एक तक्रार ठरलेली. सायकलच्या कॅरिअरला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बांधून एखादे काका येत आणि म्हणत, “पाहा बरं भाऊ, पोट्ट्यानं गेम लावू लावू ट्यूबच उडवली!” पडद्यावर तासन्‌तास एकच चित्र ठेवलं तर ट्यूबवर त्याचा डाग राहतो, हे खरं, पण या टीव्हींची ट्यूब बहुधा शाबूत निघे. तुटलेली असे ती अँटेनाच्या सॉकेटमागची तार. खेळायचं तर अँटेनाची पिन काढून गेमची लावायची, बातम्या लागल्या की पुन्हा उलट. दिवसातून दहादा असं झाल्यावर कोणती तार टिकेल? ट्यूब हे निमित्त होतं. घरात टीव्ही एकच आणि तो कोणाचा, हे खरं भांडण.

व्हिडिओ गेमचं यंत्र पुढे सिनेमा, गाणी, इंटरनेट असं सगळं दाखवणारं घरगुती यंत्र कसं झालं, याची हकीकत सहसा चिपच्या वाढत्या ताकदीची म्हणून सांगतात. टीव्हीची मागची बाजू उघडण्यात आणि मिळेल ते वाचण्यात वर्षं गेल्यावर मला ती अपुरी वाटू लागली आहे. समोरच्या खोलीत जागा मिळवायची तर या यंत्राला पोराशिवाय घरातल्या आणखी कोणाची तरी मर्जी सांभाळणं भाग होतं.

या यंत्राचा जनक राल्फ बेअर मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. 1938मध्ये जर्मनीतून अमेरिकेत आलेला हा ज्यू मुलगा पत्राद्वारे रेडिओदुरुस्ती शिकला आणि न्यूयॉर्कमध्ये तेच काम करू लागला. (तो मला आपल्या बिरादरीतला वाटतो, हे कबूल केलेलं बरं.) 1966मध्ये त्याला पडलेला प्रश्न साधा होता: घरोघरी टीव्ही आहेत, तर त्यांच्यावर कार्यक्रम बघण्यापलीकडे काही करता येईल का? त्यातून 1972मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ आला. त्याला आवाज नव्हता, रंगही नव्हता. रंगासाठी पडद्यावर पारदर्शक रंगीत प्लास्टिक लावायचं. खोक्यात फासे, पत्ते आणि खेळातल्या नोटाही असत, म्हणजे घरच्यांना एकत्र बसवण्याचा जुना सरंजाम हाताशी होताच. शिवाय अँटेना आणि खेळ यांत अदलाबदल करणारी स्विचची डबी. ती आमच्या काकांकडे असती तर माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं असतं.

जपानच्या निन्टेन्डोनं 1983मध्ये आपल्या यंत्राचं नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ठेवलं. पुढच्या वर्षी त्याला कीबोर्ड मिळाला. 1988मध्ये मोडेम आला आणि टेलिफोनच्या तारेवरून शेअर विकत घेण्याची सोयही झाली. मारिओ पोराचा, शेअर बापाचे, यंत्र एकच! आपल्याकडे पोचल्या त्या या यंत्राच्या नकला. त्यातल्या काहींना कीबोर्डही असे. तो दाखवून बापाला ‘कॉम्प्युटर’ विकायचा आणि घरी गेल्यावर पोरांनी त्यावर मारिओच उडवायचा, असा तो व्यवहार होता.

खरा पालट डिस्कनं झाला. कार्ट्रिज म्हणजे प्रत्येक खेळासाठी वेगळी चिप, महागाचं काम. डिस्क छापायला स्वस्त, आणि तिच्यावर गाणीही मावतात. सोनीचं 1994चं प्लेस्टेशन गाण्यांची सीडी वाजवत असे. 4 मार्च 2000 रोजी जपानात आलेलं प्लेस्टेशन 2 डीव्हीडीवरचे सिनेमे दाखवू लागलं. किंमत 39,800 येन. मुलासाठी गेम घेतला की घराला डीव्हीडी प्लेयर मिळाला, असा हिशेब अनेकांनी मांडला. जगभरात ही यंत्रं 16 कोटींच्या घरात खपली. निन्टेन्डोच्या 2001च्या गेमक्यूबमध्ये लहान, आठ सेंटिमीटरची डिस्क बसे आणि तिच्यात सिनेमा नव्हता. ती गाडी दोन कोटींच्या थोडी पुढे थांबली. एवढ्यावरून सिनेमामुळेच यंत्र खपतं असं म्हणायला मी धजावत नाही, कारण निन्टेन्डोचंच 2006चं ‘वी’ डीव्हीडी न दाखवता दहा कोटींवर गेलं. पण ते हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवून आजीलाही खेळता येत असे. मर्जी तिथेही सांभाळलेली होतीच.

आमच्या गावात ही गाडी उलट्या दिशेनं आली. 2006च्या दिवाळीत मी अमरावतीहून डीव्हीडी प्लेयर आणला. खोक्यात दोन जॉयस्टिक आणि गेमची एक सीडी फुकट निघाली. डिस्क उलगडणारी चिप आता इतकी तयार झाली होती की 1983च्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल ती बसल्या बसल्या करी. सीडीवर शेकडो खेळांचा दावा होता. निम्मे तेच, नावं बदललेली. म्हणजे जपानात गेमच्या यंत्रातून सिनेमा घरात शिरला, आमच्याकडे सिनेमाच्या यंत्रातून गेम.

असं होण्याला आपल्या बाजाराचंही कारण होतं. आपल्याकडे व्हीसीडीचा सुकाळ होता. मोसर बेअरनं तर 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. आणि गंमत अशी, की डीव्हीडी दाखवणारं प्लेस्टेशन 2 व्हीसीडी दाखवत नसे. आमच्या आईकडे प्रभातच्या 1936च्या ‘संत तुकाराम’ची व्हीसीडी होती. ते परदेशी यंत्र घरात आलं असतं तर तिच्या दृष्टीनं ते फुकटचंच.

त्या वर्षांत लोडशेडिंग इतकं, की वीज असेल तेवढ्या तासांची वाटणी करावी लागे. ती आई करायची. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला म्हणायची, “तुकोबा वैकुंठाले गेले का मंग तुयं चालू दे.” पण व्हीसीडीवर साधारण सव्वा तासच मावतो, त्यामुळे सिनेमा दोन डिस्कवर. पहिली संपली की मुलगा जागेवरून उठे, दुसरी घालण्याआधी गेमची सीडी सरकवे आणि एक ‘लाइफ’ खेळून घेई. आई तेवढ्यात चहा ठेवून येई.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात समोरच्या खोलीचं फारसं काही नाही. प्लेस्टेशन 3 ब्लू-रे घेऊन आलं आणि फेब्रुवारी 2008मध्ये प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीतून तोशिबानं अंग काढून घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेत एक्सबॉक्स 360वर नेटफ्लिक्स सुरू झालं. 2009मध्ये सोनीनं आपल्यासाठी ‘देसी अड्डा’ हा देशी खेळांचा गेमही काढला. 2016नंतर स्वस्त डेटा आला आणि आमच्या घरात पडद्याची वाटणी करण्याची गरजच उरली नाही. ज्याचा त्याचा मोबाइल.

मागच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आपलं प्लेस्टेशन 5 घेऊन आला. डिजिटल आवृत्ती, डिस्क घालायला फटच नाही. ज्या डिस्कच्या आधारानं हे यंत्र घरात शिरलं, तीच आता बाहेर. आईनं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “तुकाराम कुठून टाकाचा रे याच्यात?” त्यानं इंटरनेटवर शोधून मिनिटभरात सिनेमा लावला. आम्ही सगळे बसलो. सव्वा तास होत आला तशी आई उठली आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता त्याला म्हणाली, “मी चहा ठेवतो, तवर खेळून घे.”