सागरी तृण

सागरी तृण : उथळ समुद्रात व खाड्यांत पाण्याखाली वाढणाऱ्या सपुष्प वनस्पतींचा गट. जगात यांच्या सु. ६० ते ७० जाती असून त्या सर्व एकदलिकित आहेत. मात्र गवताच्या कुलात त्यांचा समावेश होत नाही. शैवलांना खरी मुळे, वाहक ऊतके व फुले नसतात. सागरी तृणांना ती असतात. त्यांचे पूर्वज जमिनीवरील वनस्पती होत. बहुतेक जातींत परागण पाण्यातच होते.

या वनस्पतींना भरपूर प्रकाश लागतो, त्यामुळे त्या बहुधा काही मीटर खोलीपर्यंतच वाढतात. भूमध्य समुद्राच्या नितळ पाण्यात मात्र पॉसिडोनिया ओशॅनिका ही जाती सु. ४० मी. खोलीपर्यंत आढळते. दाट पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. आडवी खोडे व मुळे तो धरून ठेवतात. अशा रीतीने ही कुरणे स्वतःला आवश्यक असलेले स्वच्छ पाणी काही अंशी स्वतःच निर्माण करतात. कुरण नष्ट झाल्यास गाळ मोकळा होतो, पाणी गढूळ होते व नवी रोपे रुजणे कठीण होते. म्हणून एकदा झालेली हानी सहसा आपोआप भरून येत नाही.

माशांची पिले, कोळंबी व शिंपले यांना या कुरणांत आसरा मिळतो. ड्यूगाँग हा सस्तन प्राणी मुख्यत्वे सागरी तृणांवरच जगतो. भारतात मानारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथे विस्तृत कुरणे असून, पाल्कच्या उपसागरात २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने ड्यूगाँगसाठी राखीव क्षेत्र घोषित केले. हॅलोफिला बेक्करी ही लहान जाती महाराष्ट्र व गोवा येथील खाड्यांच्या चिखलट काठांवर आढळते.

१९३० नंतरच्या काही वर्षांत झोस्टेरा मरीना या जातीची उत्तर अटलांटिक किनाऱ्यांवरील बहुतेक कुरणे एका रोगाने नष्ट झाली. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनारी खाजणांत रोगापाठोपाठ १९३३ मध्ये चक्रीवादळ आले आणि तेथील कुरणांबरोबर स्कॅलप या शिंपल्यांचा व्यवसायही संपुष्टात आला. पाणी स्वच्छ असूनही तेथे बी पोहोचत नसल्याने सु. सात दशके तळ उजाड राहिला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नांत सात कोटींहून अधिक बिया पेरण्यात आल्या व सु. दोन दशकांत सु. ३,६०० हेक्टर तळ पुन्हा आच्छादला गेला. जेथे सांडपाणी व गाळ यांमुळे प्रकाश अडतो, तेथे मात्र केवळ पेरणी पुरेशी होत नाही. आधी पाणी स्वच्छ करावे लागते.