बटाटा व टोमॅटो यांवरील करपा

१८४५ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस आयर्लंडातील बटाट्याची हिरवी शेते काही दिवसांतच काळी पडून कुजू लागली. गोरगरिबांचे मुख्य अन्न तेच. पुढील दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. पानांवरील बुरशी हेच रोगाचे कारण, असे इंग्लंडातील धर्मोपदेशक बर्कली यांनी १८४६ साली मांडले. परंतु पान आधी कुजते व बुरशी मागाहून येते, असेच पुष्कळ विद्वान धरून बसले. १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी प्रयोगाने बर्कलींचा पक्ष खरा ठरविला. (रूढ भाषेत बुरशी म्हटले, तरी हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा, असे आता ठरले आहे.)

हाच तो उशिरा येणारा करपा. भारतात तो १८७० ते १८८० च्या दरम्यान प्रथम निलगिरीत आढळला. टोमॅटोलाही तो सोडीत नाही.

थंड, ढगाळ व दमट हवा त्यास मानवते. पानाच्या टोकाशी किंवा कडेला पाण्याने भिजल्यासारखा फिकट डाग पडतो व लवकरच काळपट होतो. खरी खूण मात्र पानाखाली असते. सकाळी दव वाळण्यापूर्वी पान उलटून पाहावे. डागाच्या कडेने पांढरी, विरळ लव दिसली, की शंकेस जागा उरत नाही. ऊन चढले, की ती दिसेनाशी होते. लवकर येणारा करपा निराळा: तो प्रथम खालच्या, जुन्या पानांवर येतो आणि त्याच्या डागांत एकात एक वर्तुळे असतात. त्याची चाल मंद. उशिरा येणारा मात्र अनुकूल हवेत आठवडा-दीड आठवड्यात सारा वाफा उजाड करतो.

म्हणून उपाय आधीच योजावा लागतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण निरोगी पानाचे रक्षण करते. करपलेले पान त्याने बरे होत नाही. (फ्रान्समधील बागाईतदार असे मिश्रण रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शिंपडीत, ते चोरांना भिवविण्यासाठी! त्याचा रोगनिवारक गुण मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केला.)

बेणे निरोगी घ्यावे. सडके बटाटे बागेच्या कडेला टाकू नयेत; रोग त्यांतच टिकून राहतो. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे, आणि सायंकाळी तर नव्हेच. बटाट्यास मातीची चांगली भर द्यावी. पीक रोगट झालेच, तर पाला कापून दूर पुरावा व बटाटे सुमारे दोन आठवड्यांनी काढावेत. तोवर साल पक्की होते आणि पाल्यावरील बीजाणू त्यांना लागत नाहीत.