'नुसती वाफ' म्हणून ओढली जाणारी ई-सिगारेट: आत असतं ते निकोटीनच

दिसायला पेन ड्राइव्ह किंवा हायलायटरसारखी. वास आंब्याचा, पुदिन्याचा, बबलगमचा. राख पडत नाही, तोंडाला बिडीसारखा वास मारत नाही. त्यामुळे दप्तरात असली तरी आई-वडिलांच्या लक्षात येत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे." शिकायला शहरात गेलेल्या पोरांमध्ये 'वेप' नावाने ओळखली जाणारी हीच ती ई-सिगारेट. देशात तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे, तरी चोरून विक्री चालूच आहे.

पोरांचं उत्तर अर्धंच खरं आहे. आत तंबाखूचं पान नसतं. छोटी बॅटरी, तारेचं वेटोळं आणि एक द्रव असतो. दम मारला की तार तापते आणि द्रवाचं धुकं होतं. ते पाण्याच्या वाफेसारखं साधं नसतं. त्यात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. तार जास्त तापली तर फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. तारेतले निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कणही धुक्यात सापडले आहेत.

निकोटीन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पिकावरच्या किडीसाठी अग्निअस्त्र करताना त्यात तंबाखू घालतात, ती याच निकोटीनसाठी. तंबाखूची तलफ लागते तीही त्याचीच. काही वेपमध्ये दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन असतं. युरोपात कायद्याने २० ची मर्यादा आहे. सिगारेट निदान पाच-सात मिनिटांत संपते, वेपला संपणं माहीत नाही. दिवसभर एकेक झुरका चालू राहतो आणि किती झाले याचा हिशेब राहत नाही.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण तो कुणाला, हे आधी बघावं लागेल. सिगारेट-बिडी जळते तेव्हा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॅन्सर आणि हृदयविकाराचं मोठं कारण हा धूर आहे. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून रोज सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून वेप धरली तर त्याचं नुकसान कमी होतं. निकोटीनच्या पट्ट्या किंवा च्युइंगमपेक्षा वेपने जास्त लोक सिगारेट सोडतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणाच सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना हा पर्याय सुचवते. पण तिथेही १८ वर्षांखालच्यांना विक्रीला मनाई आहे आणि वापरून फेकायच्या वेपवर जून २०२५ पासून बंदी आली आहे.

आता आपल्याकडचं चित्र बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, गुटखा, मिश्री असं धूरविरहित वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी, चघळण्याचा आणि दाताला लावण्याचा जास्त. चुना मळून तंबाखू खाणाऱ्या आबांना किंवा सकाळी मिश्री लावणाऱ्या मावशींना वेपचा काय उपयोग? त्यांच्या तोंडात धूर नव्हताच. उरतात ती कधीच काही न ओढलेली पोरं. त्यांच्या बाबतीत फायद्याचा रकाना रिकामा आणि तोट्याचा भरलेला.

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात निकोटीन गेलं तर व्यसन लवकर जडतं, एकाग्रतेवर परिणाम होतो. नाडीचे ठोके आणि रक्तदाबही वाढतो. अमेरिकेत २०१९ साली वेप ओढणाऱ्यांना फुफ्फुसाचा गंभीर आजार झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद आणि ६८ मृत्यू झाले. त्यातल्या बहुतेकांच्या द्रवात गांजातला नशेचा घटक होता आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर गेला. म्हणजे साध्या निकोटीनच्या वेपने ते झालं, असं म्हणता येत नाही. पण चोरून आलेल्या मालात काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, ही अडचण आपल्याकडे आहेच. घरात लहान लेकरू असेल तर आणखी एक धोका. गोड वासाचा हा द्रव त्याने गिळला तर विषबाधा होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

कायद्याचा रोख धंदा करणाऱ्यांवर आहे. उत्पादन, आयात, विक्री, ऑनलाइन विक्री आणि जाहिरात या सगळ्याला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. फौजदार आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला कारवाईचा अधिकार आहे, त्यामुळे टपरीवर किंवा कॉलेजजवळ विक्री दिसली तर तक्रार पोलीस ठाण्यातच करता येते.

पोराच्या खिशात वेप सापडली तर मारझोड करून ती सुटत नाही. तलफ लागलेली असेल तर चिडचिड, झोप न लागणं, अभ्यासात मन न लागणं असे त्रास सोडल्यावर पहिले काही दिवस होतात. ते नाटक नसतं. व्यसन सोडण्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. याच क्रमांकावर तंबाखू आणि मिश्री सोडू इच्छिणाऱ्या घरातल्या मोठ्यांनाही मदत मिळते.