आभासी लढाऊ उड्डाणगटांतील विमाननिवडीचे नियम : स्वरूप व मीमांसा
(ओझरच्या विमाननिर्मितीच्या संदर्भात)

सारांश

संगणकाच्या साहाय्याने लढाऊ विमानोड्डाणाचा सामूहिक सराव करणारे हौशी गट गेल्या तीन दशकांत जगभर उभे राहिले. कोणत्या सदस्याने कोणते विमान उडवावे, याविषयी या गटांनी काटेकोर नियम केलेले आढळतात. प्रस्तुत लेखात या नियमांचे प्रकार, त्यांमागील कारणे आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी निफाड तालुक्यातील ओझर येथील विमाननिर्मिती आणि भारतीय वायुसेनेतील वैमानिक प्रशिक्षण यांचा तुलनात्मक आधार घेतला आहे.

बीजशब्द : सिम्युलेशन, आभासी स्क्वाड्रन, विमाननिवड, मिग-२१, ओझर, सामूहिक नियमन.

प्रस्तावना

निफाड तालुक्याची ओळख दोन गोष्टींनी होते. एक म्हणजे लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि दुसरी म्हणजे ओझरचा विमान कारखाना. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा नाशिक विभाग १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या परवानाधारित निर्मितीसाठी स्थापन झाला. मिग-२१ एफएल, मिग-२१ एम, मिग-२१ बिस, पुढे मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० एमकेआय ही विमाने येथे तयार झाली. वायुसेनेचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही ओझरलाच आहे. परिसरातील लोक आजही या गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात, एवढे ते विमान येथील बोलीत रुजले आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ वायुसेनेतून समारंभपूर्वक निवृत्त झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. एका पर्वाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ असे या घटनांचे स्वरूप आहे. मात्र मिग-२१ बिस एका अर्थाने अद्याप उडतच आहे. ‘डीसीएस वर्ल्ड’ या संगणकीय प्रणालीत २०१४ पासून हा प्रकार उपलब्ध असून निरनिराळ्या देशांतील हौशी वैमानिक तो घरबसल्या उडवतात.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. कारखान्यात तयार होणारे विमान दुर्मीळ असते. त्यास धातू, मनुष्यबळ, इंधन आणि वर्षानुवर्षांचा काळ लागतो. संगणकातील विमान मात्र केवळ एक प्रतिकृती असून तिच्या हव्या तेवढ्या प्रती निघू शकतात. मग जेथे टंचाईच नाही, तेथे वाटपाचे नियम कशासाठी ? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आभासी उड्डाणगट : संकल्पना व विकास

जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याची कल्पना नवी नाही. एडविन लिंक या अमेरिकन संशोधकाने १९२९ मध्ये यांत्रिक प्रशिक्षण उपकरण तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांनी त्यावर सराव केला. घरगुती संगणकावर ही सोय येण्यास पुढे अनेक दशके लागली. १९९८ मधील ‘फाल्कन ४.०’, २००१ मधील ‘आयएल-२ स्टर्मोविक’ आणि २००८ पासूनची ‘डीसीएस’ मालिका हे या वाटचालीतील ठळक टप्पे होत. इंटरनेटच्या प्रसारामुळे एकट्याने खेळण्याचा हा प्रकार सामूहिक झाला व त्यातून ‘आभासी स्क्वाड्रन’ ही संस्था जन्मास आली.

अशा गटात सदस्य ठरावीक वारी व ठरावीक वेळी एकत्र येतात. मोहिमेची पूर्वसूचना दिली जाते, चार-चार विमानांच्या तुकड्या पाडल्या जातात, प्रत्येक तुकडीला नायक असतो आणि सर्वजण ध्वनिसंपर्काने जोडलेले असतात. सूक्ष्म तपशिलाच्या प्रणालीत एका विमानाची इंजिन सुरू करण्याची पद्धत, रडार व शस्त्रप्रणाली शिकण्यास कित्येक आठवडे लागतात. सदस्यत्व पूर्णपणे ऐच्छिक असते. वेतन नाही, शिक्षा नाही, सक्तीही नाही. नियम न पटल्यास सदस्य सहज बाहेर पडू शकतो. म्हणूनच येथील नियम संमतीवरच टिकतात आणि समाजशास्त्रीय दृष्ट्या ते लक्षणीय ठरतात.

विमाननिवडीच्या नियमांचे प्रकार

या गटांतील नियमांचे स्थूलमानाने पाच प्रकार पडतात.

पहिला प्रकार ‘एक गट, एक विमान’ हा होय. सर्व सदस्यांनी एकाच जातीचे विमान उडवावे, असा हा नियम. त्यामागे तांत्रिक कारण आहे. मिग-२१ चा वेग मोठा, पण इंधनसाठा अल्प. सुखोई-३० चा पल्ला त्याच्या कितीतरी पट. अशी दोन विमाने एका तुकडीत ठेवल्यास दुसऱ्याला पहिल्याच्या मर्यादेत राहावे लागते. हवेत इंधन भरण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. एफ-१६ ला टँकर विमानाचा ताठ दांडा लागतो, तर सुखोई-३० व मिराज-२००० आपली नळी टँकरमागे लोंबणाऱ्या टोपलीत घालतात. त्यामुळे मोहिमेत एकाच प्रकारचा टँकर असल्यास मिश्र तुकडीतील काही विमाने वाटेतच निकामी ठरतात.

दुसरा प्रकार पात्रतेचा. नवागताने प्रथम साध्या विमानावर उड्डाण, उतरणे व रांगेत उडणे यांची चाचणी द्यावी आणि मगच लढाऊ विमान घ्यावे, असा हा क्रम असतो. अनेक गट सदस्यास एक प्रमुख विमान निवडण्यास सांगतात व ठरावीक काळ ते बदलू देत नाहीत. तुकडीनायकाच्या जागेसाठी आणखी वरची पात्रता लागते.

तिसरा प्रकार काळ व प्रदेश यांच्या मर्यादेचा. १९४२ ची मोहीम असेल, तर १९४४ मध्ये युद्धात उतरलेले विमान घेता येत नाही. खेळ इतिहासाशी प्रामाणिक राहावा, हा यामागील हेतू.

चौथा प्रकार मोजक्या जागांचा. मोहिमेची आखणी करणारा प्रत्येक विमानाच्या जागा निश्चित करतो व सदस्य आगाऊ नाव नोंदवतात. काही मोहिमांत विमानांचा साठाही मोजका ठेवलेला असतो. विमान पडले, की साठ्यातून एक कमी होते. परिणामी आभासी मृत्यूलाही किंमत येते आणि सदस्य जपून उडतात.

पाचवा प्रकार संतुलनाचा. ‘एसेस हाय’ या २००० मध्ये सुरू झालेल्या खेळात याचे सुस्पष्ट उदाहरण सापडते. तेथे एका पक्षाचे संख्याबळ वाढले, की त्या पक्षाला सरस विमाने तात्पुरती नाकारली जातात. तसेच मेसरश्मिट-२६२ सारखे जेट विमान हवे असल्यास आधी साध्या विमानांवर गुण मिळवावे लागतात. बलवानाने आपले बल मर्यादित ठेवावे, हे तत्त्व येथे थेट नियमाच्या रूपात अवतरते.

वास्तवातील विमाननिवड

वायुसेनेत वैमानिक विमान निवडत नाही. त्याला ते दिले जाते. डुंडीगल येथील अकादमीत प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर गुणवत्ता, कल, पसंती व उपलब्ध जागा पाहून लढाऊ, वाहतूक आणि हेलिकॉप्टर अशा शाखा ठरतात. प्राथमिक प्रशिक्षणासाठी पूर्वी एचपीटी-३२ विमान होते. २००९ मध्ये त्याचे उड्डाण थांबविल्यानंतर २०१३ पासून पिलाटस पीसी-७ आले.

या शिडीतील एक पायरी गाळली गेली तर काय होते, याचा धडा मिग-२१ च्या इतिहासात आहे. दीर्घकाळ तरुण वैमानिक किरण या ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ वर जात. दोहोंमधील अंतर मोठे होते. मिग-२१ चा उतरण्याचा वेग अधिक आणि चुकीला वाव कमी. १९८२ मध्ये ला फोंटेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. प्रत्यक्षात हॉक विमानाचा करार २००४ मध्ये झाला व ते २००८ मध्ये दाखल झाले. शिफारस आणि अंमलबजावणी यांत २६ वर्षे लोटली.

तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, वायुसेनेत दाखल झालेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व सेवेतील अन्य ८ जण मृत्युमुखी पडले. या अपघातांस यांत्रिक बिघाड, मानवी चूक, पक्ष्यांची धडक अशी अनेक कारणे होती. प्रशिक्षणातील उणीव हे त्यांपैकी एक. तरीही विमान व वैमानिकाची तयारी यांचा मेळ नसल्यास किंमत प्राणांनी चुकवावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते. ओझरच्या कारखान्याने घडविलेल्या विमानांचा हा इतिहास असल्याने या परिसरास तो परका नाही.

आभासी गटातील पात्रतेचा नियम बाह्यतः याच शिडीचे अनुकरण आहे. परंतु तेथे प्राणभय नाही. तेव्हा केवळ वायुसेनेत आहे म्हणून तो नियम ग्राह्य धरणे योग्य होणार नाही. त्याचे समर्थन अन्यत्र शोधावे लागते.

मीमांसा

आभासी गटात विमान दुर्मीळ नसले, तरी दोन गोष्टी खऱ्याखुऱ्या दुर्मीळ असतात : सदस्यांचा वेळ आणि परस्परांवरील विश्वास. आठवड्यातून एकदा वीस जण दोन तास एकत्र येतात. त्यांपैकी एकाला आपल्या विमानाचे रडार वापरता येत नसेल, तर उरलेल्या एकोणीस जणांची संध्याकाळ वाया जाते. पात्रतेच्या नियमाचे खरे समर्थन येथे आहे. तो विमानाचे नव्हे, तर इतरांच्या वेळेचे रक्षण करतो.

‘एक गट, एक विमान’ या नियमास आपल्याच भागातील एक जुनी व्यवस्था समजून घेतल्यास अधिक अर्थ प्राप्त होतो. नाशिक व धुळे जिल्ह्यांत मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धती शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडले जात आणि एका फडात सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यायचे असे. पिकाची निवड व्यक्तीची नव्हे, तर समूहाची. त्यामुळे पाण्याची पाळी एकसारखी बसे व पाटकऱ्याला न्याय्य वाटप करता येई. शेतकऱ्याने पिकाचे स्वातंत्र्य सोडले ते पाण्याच्या खात्रीसाठी. आभासी गटातील सदस्यही विमानाचे स्वातंत्र्य सोडतो ते साथीच्या खात्रीसाठी. फरक एवढाच, की फडात पाणी खरोखर मोजके होते आणि येथे मोजकेपणा संमतीने निर्माण केलेला असतो.

संतुलनाच्या नियमाचेही वास्तवात प्रतिबिंब दिसते. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेर येथे झालेल्या ‘कोप इंडिया’ या भारत-अमेरिका संयुक्त सरावात अमेरिकेची एफ-१५ विमाने उतरली होती. भारतीय बाजूला सुखोई-३०, मिराज-२००० यांच्याबरोबर ओझरशी नाते सांगणारे सुधारित मिग-२१ बायसनही होते. भारतीय वैमानिकांच्या कामगिरीची जगभर चर्चा झाली. अमेरिकन विमानांची संख्या कमी ठेवली होती आणि दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर मर्यादा होत्या, हेही पुढे मांडले गेले. यातून भारतीय वैमानिकांचे कौशल्य उणे ठरत नाही. सरावाचा निकाल वाचताना त्याच्या अटीही वाचाव्या लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

नियमांचे दोष

नियम संमतीवर टिकतात हे खरे. पण संमती कोणाची, हा प्रश्न उरतो. गट जुना झाला, की चांगल्या जागा जुन्या सदस्यांकडे राहतात आणि पात्रतेची चाचणी घेणारेही तेच असतात. मग पात्रता हे शिक्षणाचे साधन न राहता मानाचे चिन्ह बनते. पदे, बिल्ले व दर्जे यांचे अनुकरण वाढते आणि नवागत कंटाळून निघून जातो.

दुसरा दोष आर्थिक आहे. सूक्ष्म तपशिलाचे प्रत्येक विमान स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते. शिवाय सक्षम संगणक, उड्डाणदांडा व वेगवान जोडणी यांचा खर्च वेगळा. ज्या गटाने महाग विमान अनिवार्य केले, त्याने लासलगावसारख्या गावातील विद्यार्थ्यासाठी दार जवळजवळ बंदच केले. ‘डीसीएस’ मध्ये सुखोई-२५टी व टीएफ-५१डी ही दोन विमाने विनामूल्य मिळतात. त्यांपैकी एकास प्रवेशाचे विमान मानणारा नियम दिसायला लहान असला, तरी समतेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून विमाननिवडीच्या नियमाची चार प्रश्नांवर पारख करता येते. तो इतरांच्या वेळेचे रक्षण करतो काय ? त्यामुळे सदस्य काही शिकतो काय ? बलवानावर तो मर्यादा घालतो काय ? आणि नवागताला वर चढण्याची वाट तो उघडी ठेवतो काय ? या कसोट्यांना उतरणारा नियम वायुसेनेत नसला तरी योग्य ठरतो. न उतरणारा नियम हुबेहूब वायुसेनेचा असला तरी पोकळ ठरतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही या विषयाचे महत्त्व आहे. प्रयोगशाळेतील उपकरणांचे वाटप, प्रकल्पगटांची रचना, एनसीसीतील निवड या सर्व ठिकाणी हेच प्रश्न वेगळ्या रूपात उभे राहतात. शिडीची पायरी गाळू नये, हे मिग-२१ च्या इतिहासाने मोठी किंमत घेऊन शिकविले. त्याचबरोबर ती पायरी कोणाची अडवणूक करण्यासाठी नसून त्याला वर नेण्यासाठी असते, याचे भान नियम करणाऱ्याने ठेवणे तितकेच आवश्यक आहे.