ॲडॉप्टर लावून झिऑन बसवताय? आधी बोर्ड बघा, मग ग्राहकाला शब्द द्या

दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावात जुने कॉम्प्युटर घेऊन, अपग्रेड करून विकायचा धंदा करायचा म्हणताय? गिऱ्हाईक आहे. झेरॉक्स-टायपिंगवाला आहे, सेवा केंद्र आहे, फवारणीच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवणारा द्राक्ष बागायतदार आहे. त्यांच्याकडे पडलेल्या जुन्या डब्यांत इंटेलचं ७७५ सॉकेट हमखास सापडतं. आणि इथेच ती स्वस्तातली युक्ती आठवते: सर्व्हरमधून निघालेला चार कोअरचा झिऑन ॲडॉप्टर लावून बसवायचा.

हे ॲडॉप्टर म्हणजे एक पातळ स्टिकर. झिऑन ७७१ सॉकेटचा, बोर्ड ७७५ चा. दोन्हींत फरक थोडा, पण दोन संपर्कबिंदूंची जागा उलटी असते. स्टिकर ती अदलाबदल करतो. चिपच्या कडेच्या खाचाही जुळत नाहीत, म्हणून एक तर चिपला नव्या खाचा पाडतात, नाहीतर सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन दात कापतात. दात कापले की चिप उलटसुलट बसण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही, हे विसरू नका. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवूनच ठेवा. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात. एक जरी वाकली तरी बोर्ड गेला समजा.

पण चिप बसली म्हणजे चालली असं नाही. स्टिकर फक्त जोडणी जुळवतो; बोर्डाला ती चिप ओळखता आली पाहिजे आणि पोसता आली पाहिजे. पी३५, पी४५, जी३१, जी४१ या चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर हे जमतं. ९४५ वर हा नाद करूच नका. त्यातही बायोसमध्ये त्या झिऑनचा मायक्रोकोड नसेल तर मशीन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन अर्धवट चालतं. मग मायक्रोकोड घालून बायोस फ्लॅश करावा लागतो. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि फ्लॅश करताना गेली तर बोर्डाचा दगड होतो. यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका, जुन्या बायोसची प्रत आधी काढून ठेवा.

आता वीज. ई५४५० ही चिप ३ गिगाहर्ट्झची, ८० वॅटची. एक्स५४६० फक्त ३.१६ ची, पण १२० वॅटची! त्या चिमूटभर वेगासाठी स्वस्त जी३१ बोर्डाचा पॉवर सेक्शन तापवायचा, हा मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. ८० वॅटचीच घ्या. ड्युअल कोअरवरचा चपटा ॲल्युमिनियम कूलर मात्र बदला, एसएमपीएस तपासा, आणि देण्यापूर्वी मशीन दोन-तीन तास पूर्ण लोडवर चालवून तापमान बघा. पत्र्याच्या गाळ्यात एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

(हा जुगाड नवा नाही बरं का. पेंटियम थ्रीच्या काळात स्लॉट-वनच्या बोर्डात सॉकेट ३७० ची चिप बसवायला ‘स्लॉकेट’ कार्ड मिळायचं. तिथेही चिप बसायची, पण बोर्ड तिला लागणारं कमी व्होल्टेज देऊ शकतो का, हे आधी बघावं लागायचं.)

सगळ्यात मोठी अडचण मात्र पेचकसाने सुटणारी नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ नावाची सूचना लागते आणि ती या झिऑनमध्ये नाही. कुठलीही पळवाट काढा, ती आवृत्ती त्यावर सुरू होत नाही. म्हणजे ज्या सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे पैसे हाताळले जातात, तिथे तुम्ही हे मशीन देणार का? मी देणार नाही. त्याला चौथ्या पिढीचा सेकंड हॅण्ड आय-फाइव्ह दाखवा. विंडोज ११ साठी तोही अधिकृत यादीत नाही, पण ती सूचना त्यात आहे. हेही त्याला स्पष्ट सांगा.

घरी मुलांना शिकायला किंवा लिनक्स टाकून टायपिंगला झिऑन चालेल. फक्त बिलावर लिहा: “ॲडॉप्टरने बसवलेला सर्व्हर प्रोसेसर, बायोस बदललेला, विंडोज ११ चालणार नाही.” आणि भाव सांगण्याआधी चिप, कुरिअर, कूलर, थर्मल पेस्ट आणि तुमचे अर्ध्या दिवसाचे पैसे धरा. ते धरल्यावर आय-फाइव्हशी किती फरक उरतो, ते वहीत मांडून बघा.