शाडू माती कशी भिजवायची? मूर्तीला तडे का जातात ते इथेच कळेल

गणपती जवळ आले की 'घरच्या घरी शाडूचा गणपती' असे व्हिडिओ धडाधड यायला लागतात. सोंड कशी वळवायची, मुकुट कसा बसवायचा, सगळं दाखवतात. पण मातीचा गोळा? तो आधीच तयार असतो! मला विचाराल तर अर्धं काम त्या गोळ्यातच आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती गळ्यापाशी तडकली, तर दुसरी करून सुकवायला वेळच उरत नाही.

आधी तडा का जातो ते बघू. मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात. मध्ये पाण्याचा पातळ थर असला की ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून आपण दाबू तसा आकार येतो. सुकताना तेच पाणी उडून जातं, कण जवळ येतात आणि मूर्ती आकसते. गोळ्यात पाणी जितकं जास्त, तितकं आकसणंही जास्त. त्यात कान आणि बोटं लवकर सुकतात, पोट मागे राहतं. या ओढाताणीत माती फाटते.

आता भिजवायचं कसं? टबात आधी पाणी घ्या आणि कोरडी पावडर वरून हळूहळू पसरा. लगेच ढवळू नका, ती आपोआप खाली बसते. पावडरवर पाणी ओतलं तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. (पावडर उडते, तेव्हा मास्क लावा. ही धूळ फुफ्फुसाला चांगली नाही.)

मागच्या वर्षी बादलीत विसर्जन करून ठेवलेली माती असेल तर तीही चालते. मात्र ती आधी ठणठणीत वाळवून फोडा. गंमत म्हणजे अर्धवट ओला गोळा पाण्यात तसाच पडून राहतो, पण पूर्ण वाळलेला पटकन विरतो. कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी जोरात शिरतं, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि तुकडे सुटे होतात.

रात्रभर मुरू द्या. सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि खालचा चिखल जाड सुती कापडावर पसरा. हाताला चिकटणं कमी झालं की तिंबायला घ्या. कणीक मळतो तसंच, पण तळव्याचा जोर लावून, किमान 15-20 मिनिटं. याच वेळी पिंजलेला कापूस अगदी थोडा थोडा मिसळा. त्याचे धागे मातीला धरून ठेवतात.

गोळा जमला की नाही ते कसं ओळखायचं? पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबा. बोटाला चिकटून लिबलिबली तर अजून थोडी सुकू द्या. मग दोऱ्याने गोळा मधोमध कापा. आत भोकं दिसली तर हवा अडकली आहे, परत तिंबा. आपण मूर्ती भट्टीत भाजत नाही, त्यामुळे स्फोट वगैरे होणार नाही. पण नेमकं नाकाखाली भोक निघालं की चिडचिड होते.

लगेच काम करणार नसाल तर गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट पिशवीत ठेवा. दोन-चार दिवस मुरलेली माती हाताला जास्त छान लागते. मूर्ती सुकवताना ऊन आणि पंखा दोन्ही टाळा; कान आणि बोटांवर ओलसर फडकं ठेवलं की सगळं एका वेगाने सुकतं.

आणि हो, हात धुतलेलं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतू नका, माती पाइपमध्ये बसते. बादलीत रात्रभर ठेवा. वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ पुन्हा मातीच्या डब्यात टाका.