थंडीत जुना ट्रॅक्टर का रुसतो?

निफाडची थंडी साऱ्या नाशिक जिल्ह्याला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेलं किमान तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रात ठळकपणे छापून येतं. काही वर्षी तर पारा शून्याच्या अगदी जवळ उतरला आहे. त्या दिवसांत द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आणि नेमक्या त्याच पहाटे दारातला जुना ट्रॅक्टर सुरू व्हायला नकार देतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही काही शिक्षक निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर मुक्कामाला होतो. दोन दिवस अवकाळी पाऊस होऊन आकाश निवळलं होतं आणि गारठा एकदम वाढला होता. बाग फुलोऱ्यात होती. अशा वेळी डावणीची भीती असते. डावणीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात, म्हणून ओल्या बागेला औषध द्यायला उशीर करून चालत नाही. वारा सुटायच्या आत फवारणी उरकायची असं घरच्या नानांनी ठरवलं होतं. ब्लोअर रात्रीच जोडून ठेवला होता. ट्रॅक्टर पस्तीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, तीस वर्षं वापरलेला. नानांनी चावी फिरवली. घर्र... घर्र... घर्र... आणि नुसतं टक्!

"नाना, उतारावर लावला असता तर ढकलून तरी चालू केला असता," नातू म्हणाला.

डिझेल इंजिनाला मोटरसायकलसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा घेतली जाते. दट्ट्या ती दाबून जवळजवळ सोळाव्या हिश्श्यात कोंबतो. दाबलेली हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांचं यशस्वी इंजिन १८९७ सालचं. पण हवा दाबून जाळ काढायची युक्ती त्याहून कितीतरी जुनी. आग्नेय आशियात लोक बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या झटक्यात मारून आतला कापूस पेटवत असत. वर्गात एवढं करायला नको. सायकलचा पंप घ्या, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दहा-बारा वेळा जोरात दाबा. नळीचा खालचा भाग हाताला गरम लागतो. मग हाच प्रयोग अगदी सावकाश करा. आता तो जेमतेम कोमट होतो. हा दुसरा भाग विसरू नका, त्याचंच पुढे काम आहे.

थोडं गणित करू. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं, तर हवेचं केल्विनमधलं तापमान संपीडन गुणोत्तराच्या ०.४ या घाताने गुणलं जातं. १६ चा ०.४ घात म्हणजे सुमारे ३.०३. २७ अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०० केल्विनची हवा त्यामुळे ९०९ केल्विनवर, म्हणजे ६३६ अंशांवर जाते. ८ अंशांची हवा घेतली तर उत्तर ५७९ अंश येतं. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेतं (नेमका आकडा दाबावरही अवलंबून असतो). म्हणजे थंडीमुळे साठएक अंश गेले तरी भरपूर शिल्लक राहतात. मग ट्रॅक्टर अडतो कुठे?

अडतो तो वेळेत. तीस वर्षं घासलेल्या रिंगांमधून दाबलेली हवा खाली निसटते. जी उरते ती भोवतालच्या गार लोखंडाला उष्णता देऊन बसते. इंजिन भरभर फिरलं तर या दोन्ही गोष्टींना सवड मिळत नाही. सावकाश फिरलं तर भरपूर मिळते. पंपाचंही तसंच झालं होतं. ही गळती मोजायला वरचा ०.४ हा घात ०.२ वर आला असं धरून पाहू. १६ चा ०.२ घात १.७४. आता उन्हाळ्यातली हवा २४९ अंशांपर्यंत जाते आणि हिवाळ्यातली २१६ पर्यंतच. हे गणित ढोबळ आहे, पण गोम त्यातून कळते. नव्या इंजिनाला थंडीचे साठ अंश जाणवत नाहीत. झिजलेलं इंजिन मात्र काठावर उभं असतं आणि तीस-पस्तीस अंश त्याला पलीकडे ढकलायला पुरतात. म्हणून हाच ट्रॅक्टर दुपारी एका चावीत सुरू होतो आणि पहाटे होत नाही.

इंजिन सावकाश फिरतं त्यालाही कारणं आहेत. थंडीत खोबरेल थिजतं तसं नाही, तरी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. त्यातच बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी. स्टार्टर २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढतो. त्या भुकटीमुळे सांध्यावर ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध आला, तरी ओहमच्या नियमाने २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बाराच्या बॅटरीतले दोन! दिवा लावला तर तो लख्ख पेटतो, कारण दिव्याला प्रवाह थोडाच लागतो. त्यामुळे "बॅटरी तर चांगली आहे" असा समज होतो.

नानांनी मात्र आधी सायलेन्सरकडे पाहिलं. त्यातून पांढरा धूर येत होता. तो न जळलेल्या डिझेलच्या थेंबांचा. म्हणजे डिझेल पोचत होतं, उष्णता पोचत नव्हती. काहीच धूर आला नसता, तर डिझेलच्या नळीत हवा शिरली असण्याचा संशय घेऊन ती काढावी लागली असती. निदान करायची ही पद्धत कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगाइतकी नेटकी आहे, असं आम्हाला वाटतं.

एवढ्यात नातू स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाकाजवळ गेला, आणि नाना ओरडले. स्टार्टरचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून इंजिन फिरवायची युक्ती खेड्यातली बरीच मुलं जाणतात, त्यात हुशारी मानतात. वर्गात याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. गिअर पडलेला असताना स्टार्टर फिरू नये म्हणून ट्रॅक्टरला जे सुरक्षा स्विच असतात, तेच या युक्तीने टाळले जातात. शिवाय जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पंप हाताने बंद केलेला नसला तर चावी नसतानाही ते पेटतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो तत्क्षणी पुढे निघतो आणि जोडणारा माणूस मोठ्या चाकासमोर उभा असतो. असे मृत्यू जगभर झालेले आहेत.

नानांनी मग बॅटरीची वायर काढून टर्मिनल गरम पाण्याने धुतले, पुसले, घट्ट आवळले. रेडिएटरमधलं पाणी सोडून बंबातलं गरम पाणी ओतलं. उकळतं नाही, गार लोखंडावर उकळतं पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. पाच मिनिटं थांबले. गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केली आणि क्लच दाबून चावी फिरवली, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल ढवळायचं ओझं स्टार्टरवर पडत नाही. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. ब्लोअर बागेत शिरला तेव्हा पावणेआठ वाजले होते.

दुपारी मिस्तरी आला. त्याने एकेका सिलिंडरचा दाब मोजला, मग चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. त्यामुळे दाब वाढला तर दोष रिंगांचा, तेवढाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. मधल्या सिलिंडरचा वाढला. काम माल निघाल्यावर करायचं ठरलं आहे. तोवर ट्रॅक्टर रात्री विहिरीशेजारच्या उतारावर उभा असतो, चाकांखाली दोन मोठे दगड लावून.